कड्यावर धरणारा

गुरुवारी संध्याकाळी ट्राम माझ्या थांब्यावर थांबली, दार उघडलं, आणि माझा हात खांबावरून सुटला नाही. मी धरून ठेवला होता असं मुळीच नाही. मी तो सोडला होता. मनातल्या मनात रीतसर सोडला होता, डावं पाऊल दाराकडे टाकलंही होतं. पण उजव्या हाताची बोटं त्या पिवळ्या खांबाभोवती तशीच मिटलेली राहिली, आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो, मांडवात रुसून बसलेल्या पाहुण्याकडे यजमानाने बघावं तसा. मागच्या बाई म्हणाल्या, "उतरायचंय का तुम्हाला?" जर्मन माणूस हे अशा सुरात म्हणतो की त्यात विचारणा कमी आणि समज जास्त असते. मी हसून बाजूला झालो, म्हणजे हात खांबालाच ठेवून जेवढं बाजूला होता येतं तेवढा झालो. त्या उतरल्या, दार मिटलं, ट्राम हलली. आणि मग, काही घडलंच नाही अशा थाटात, बोटं एकेक करून उघडली.

पुढच्या थांब्यावर उतरून मी मागे चालत आलो. ब्राउनश्वाइगमध्ये ऑक्टोबरच्या या दिवसांत फुटपाथवर चेस्टनटची फळं पडलेली असतात, आणि इतकी वर्षं झाली तरी ती चुकवत चालणं मला जमत नाही. उजवा हात मी कोटाच्या खिशात ठेवला होता. पार्किन्सन हे नाव डॉक्टरीणबाईंनी जुलैत उच्चारलं होतं. सुरुवात आहे म्हणाल्या, हळूहळू चालतं हे प्रकरण, गोळ्या आहेत, घाबरू नका. मी घाबरलोही नव्हतो. अंगठा थोडा थरथरायचा, कपाची बशी वाजायची, त्यावर माझी बायको क्षमा म्हणायची, "अहो, तुमच्या हाताला आता स्वतःचा ताल सापडलाय." थरथर ठीक होती. थरथरीचा मी हिशेबही मांडला होता : शनिवारी जे काम करायचं आहे त्याला न हलणारा हात लागत नाही, वेळेवर सुटणारा हात लागतो. आणि आज, शनिवार परवावर आलेला असताना, तोच सुटला नाही.

शनिवारी ऊवे उडी मारणार होता. ऊवे माझा जर्मनीतला पहिला मित्र, आणि खरं सांगायचं तर शेवटचाही, कारण त्याच्यानंतर मी आणखी कुणाला त्या जागेवर बसवलंच नाही. मी एक्क्याऐंशी साली इथल्या विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा तो आमच्या संस्थेत सहायक होता, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आणि त्याची डॉक्टरेट कधीच पुरी होणार नाही हे त्याच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. त्याला विमानातून उड्या मारण्याचा नाद होता आणि त्या नादाचाही त्याला कंटाळा आला होता. विमान गोंगाट करतं म्हणायचा. कुठून तरी त्याच्या कानावर आलं होतं की अमेरिकेत, नॉर्वेत काही माणसं विमानाशिवाय, सरळ कड्यावरून पॅराशूट घेऊन उडी टाकतात. कुणाच्या तरी हातून फिरत फिरत आलेले चारदोन धुरकट फोटो त्याच्याजवळ होते. त्यात कडा दिसायचा, आणि कड्यापासून जरा दूर एक ठिपका. ऊवे त्या ठिपक्याकडे ज्या नजरेने बघायचा तशी नजर मी आमच्याकडे फक्त मुलगी बघायला गेलेल्या मुलांची पाहिली आहे.

हे कसं करायचं ते सांगणारं तेव्हा कुणीच नव्हतं. शिकवणारा नाही, खास त्यासाठी शिवलेलं पॅराशूट नाही, काही नाही. विमानातून पडताना माणसाला वेळ असतो. पॅराशूट सावकाश उघडावं म्हणून दोऱ्यांवरून सरकत येणारा कापडाचा एक चौकोन मुद्दाम लावलेला असतो. कड्यावर सावकाश म्हणजे मेलोच. म्हणून ऊवेने तो चौकोन काढून टाकला. मग पहिला प्रयोग झाला तो बटाट्यांच्या पोत्यावर. आमच्या त्या कोपऱ्यात कड्यावरून उडी घेणारा पहिला वीर म्हणजे ते पोतं, आणि त्या वीराचं पुढे सार झालं. मोठ्या पॅराशूटला पिशवीतून खेचून काढणारी एक छोटी छत्री असते, ती मोठी हवी असं लक्षात आलं तेव्हा ऊवेच्या आईने आपल्या शिलाईयंत्रावर दोन जुन्या रेनकोटांची छत्री शिवून दिली. कशासाठी ते तिला सांगितलं नव्हतं. ती तंबूचा भाग समजत होती, आणि शिवण दुहेरी घातली म्हणजे पावसाचं पाणी गळणार नाही असं तिने मला मोठ्या मायेने समजावलं होतं.

आणि तरीही कमी उंचीच्या कड्यावर, हार्त्झच्या डोंगरांच्या बाजूला आम्ही शोधून काढलेल्या त्या बंद पडलेल्या खाणीच्या भिंतीवर, वारा भरून छत्री उघडायलासुद्धा सवड नव्हती. त्यावर एकच उपाय होता. छोटी छत्री उडी मारणाऱ्याकडे ठेवायचीच नाही. ती कड्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने हातात धरायची. पहिल्याने उडी टाकायची. तो खाली गेला की मधला लांब पट्टा ताणला जातो, त्या ताणाने पाठीवरची पिशवी उघडते, मोठं पॅराशूट बाहेर येतं, आणि त्याच क्षणी छत्री धरणाऱ्याच्या बोटांतून निघून जायला हवी. आधी सोडली तर खालचा माणूस जमिनीपर्यंत तसाच. उशिरा सोडली तर पॅराशूट एका बाजूला ओढलं जातं, वळतं, आणि माणसाला घेऊन उलटं कड्याच्या भिंतीवर येतं. डीटर नावाच्या एका ओळखीच्याचं असंच झालं, दुसऱ्या एका कड्यावर. छत्री त्याच्या सख्ख्या भावाने धरली होती. भाऊ घाबरला आणि त्याने मूठ आवळली. डीटर जगला, पण त्याची कंबर कायमची वाकडी झाली, आणि भावाने पुढे कधी त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही असं म्हणतात. ऊवे आम्हाला हे पुन्हा पुन्हा सांगायचा. द्वेषाने नाही रे, म्हणायचा, प्रेमाने आवळली.

ऊवेसाठी ती छत्री मी धरायचो. तो कड्याच्या टोकाला उभा राहायचा, पाठ माझ्याकडे, आणि मागे न बघता विचारायचा, "हास्ट डू मिश?" धरलंयस ना मला? मी म्हणायचो, "हाब डिश." धरलंय. मग तो जायचा. इतकाच आमचा विधी. मी स्वतः एकदाही उडी मारली नाही, मारावी असं वाटलंही नाही. पण त्या पट्ट्याचा तो ताण, आणि मग बोटांच्या मधून कापड सर्रकन निघून जातं ते, हे माझ्या हाताला अजून आठवतं. नंतर खालून फट् असा आवाज येतो, ओला टॉवेल झटकल्यासारखा. तो आवाज आला की मी श्वास सोडायचो आणि वर आभाळ आहे, आजूबाजूला झाडं आहेत हे माझ्या ध्यानात यायचं.

घरी पोचलो तेव्हा क्षमा भाकऱ्या करत होती. ज्वारीचं पीठ इथे मिळत नव्हतं त्या काळात तिने हिरशेच्या, म्हणजे इथल्या बाजरीसारख्या धान्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापायला सुरुवात केली, आणि आता ज्वारी मिळते तरी आम्हाला त्याच आवडतात.

"उशीर झाला आज," ती म्हणाली.

"एक थांबा पुढे गेलो."

"डुलकी लागली?"

"हात सुटला नाही. खांबावरून."

तिने भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली. "ऊवेभाऊजींना फोन केलात?"

जर्मन माणसाला भाऊजी म्हणणारी जगात ती एकटीच असेल. लग्न होऊन ती आली तेव्हा फ्रांकफुर्टच्या विमानतळावर आम्हाला न्यायला ऊवे आला होता, आणि त्याने तिच्या हातातली बॅग घेताना वाकून नमस्कार केला होता, जो त्याने माझ्याकडून आठवडाभर घोकून घेतला होता. त्या क्षणापासून तो भाऊजी.

"काय सांगू त्याला?" मी म्हणालो.

"अहो, काय सांगू म्हणजे? परवा त्यांचा जीव तुमच्या हातात असणार आहे. झालंय ते सांगा."

"मग तो दुसऱ्या कुणाला तरी बोलावेल."

"बोलावू दे की. तरणीताठी पोरं आहेत त्यांच्या क्लबात."

 ताटावर बसलो, भाकरी मोडली, तीही डाव्या हाताने. क्षमा समोर बसून बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायको आपल्या गप्प बसण्याचे प्रकार ओळखायला लागते. "तुम्हाला त्यांच्या जिवाची भीती नाही वाटत," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला तुमची जागा जाईल याची वाटते." मला तिचा राग आला, कारण ते खरं होतं. ऊवेच्या जिवाशी खेळण्याचा विचार माझ्या डोक्यात एक क्षणही आला नव्हता, सांगणार तर मी होतोच. पण सांगितलं की तो हात, तीसेक वर्षं एका माणसाने ज्याच्यावर जीव टाकला तो हात, नुसता एक म्हातारा होत चाललेला हात उरणार होता, बशी वाजवणारा.

हे तिला कळतं, पण मुळापासून कळतं का, याची मला शंका आहे. ती नागपूरची, वस्तीत वाढलेली, आपल्या माणसांत. मी खेड्यातला. माझे वडील, विठ्ठल, पोस्टमन होते. खाकी कपडे, सायकल, सरकारी नोकरी. वस्तीत त्यांचा मोठा मान होता. आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी माझा जन्म, म्हणून माझं नाव यशपाल ठेवलं, त्यांच्यासारखं जुन्या धर्तीचं नाही. सुट्टीत मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून टपाल वाटायला जायचो. वरच्या आळीत पोचलो की ते घंटी वाजवायचे, आणि आतून बाई यायची, आणि लांबूनच म्हणायची, "ठेव तिथं ओट्यावर." वडील पत्र ओट्यावर ठेवायचे, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवायचे, आणि मागे सरकायचे. मग ती ते उचलायची. मुलाच्या नोकरीची बातमी असो, लेकीच्या बाळंतपणाची असो. मनिऑर्डरीवर अंगठा घेताना शाईचा डबासुद्धा असाच पुढे सारायचा. वडील कधी चिडले नाहीत, किंवा चिडले असतील तर सायकलवर चिडले असतील, कारण परत येताना ते पायडल फार जोरात मारायचे. मला मात्र त्या ओट्यांची उंची अजून आठवते. सगळे माझ्या खांद्याएवढे.

आणि मग जर्मनी. पहिल्या सकाळी संस्थेत गेलो तर सगळे एकमेकांना हात देत होते. रोज सकाळी, प्रत्येकाला, जणू काल भेटलोच नव्हतो.  हात पुढे आला की मी आधी माझा हात पँटला पुसायचो. एकदा ऊवेने ते पाहिलं. पुढे वर्षभराने त्याने मला छत्री धरशील का म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, मीच का? तुझे इतके मित्र आहेत, उड्या मारणारे. तो म्हणाला, "प्रयोगशाळेचं ते जड दार आहे ना, आगीचं. सगळे ते मागे न बघता सोडून देतात. तू पुढच्याचा हात दारावर पडेपर्यंत सोडत नाहीस." माझ्या ते लक्षातही नव्हतं. मी त्या रात्री वडिलांना पत्र लिहायला बसलो आणि काय लिहावं ते सुचेना. इथे एका माणसाने आपला जीव माझ्या हातात दिला, ओट्यावर नाही ठेवला, असं लिहायचं होतं. शेवटी हवा थंड आहे, तब्येत ठीक आहे, एवढंच लिहिलं. ते आता नाहीत. हे त्यांना सांगायचं राहिलं, आणि जेव्हा जेव्हा ऊवे मागे न बघता विचारायचा तेव्हा मी एकदा त्याला आणि एकदा त्यांना, असं दोघांना मिळून उत्तर द्यायचो.

शुक्रवारी कामावर गेलो तो सरळ ताण मोजायच्या यंत्राकडे गेलो. हे यंत्र धागे, पट्टे, कापड दोन्ही टोकांना धरून ओढतं आणि कितीला तुटलं ते सांगतं. माझी उभी नोकरी याच यंत्राच्या अवतीभवती गेली आहे. मी कपाटातून धाग्याची रिळं काढली आणि एकेक तोडत बसलो. कारण छत्री हाताने धरण्याला पर्याय आहे, आणि तो मला पहिल्यापासून माहीत होता. पट्ट्याचं टोक कड्यावरच्या खिळ्याला योग्य ताकदीच्या धाग्याने बांधायचं. पॅराशूट बाहेर येईपर्यंत धागा टिकतो, मग तुटतो. धागा घाबरत नाही, त्याला भाऊ नसतो, त्याला पार्किन्सन होत नाही. त्र्याऐंशी सालीच मी तो शोधून, तपासून, आलेखासकट ऊवेसमोर ठेवला होता. तरुण होतो, मोठ्या अभिमानाने ठेवला होता. ऊवेने आलेख बघितला, फार छान म्हणाला, आणि मग नाही म्हणाला. का, ते सांगितलं नाही. यंत्राला नाही म्हणणारा जर्मन मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढच्या रविवारी पुन्हा मीच धरली.

दुपारी रीळ खिशात घालून त्याच्या घरी गेलो. तो स्वयंपाकघरात पॅराशूटच्या दोऱ्या टेबलावर पसरून बसला होता. चौसष्ट वर्षांचा, गुडघ्यांना पट्टे, चष्मा कपाळावर. ही शेवटची उडी, असं त्याने गुडघ्यांना वचन दिलं होतं, आणि ती त्याच खाणीवरून, जिथे पहिली मारली होती. फक्त या वेळी रीतसर गेनेमिगुंग होती, परवानगी, शिक्क्यासकट. तिचं त्याला फार हसू येत होतं. त्या काळी आम्ही चोरून जायचो, उजाडता उजाडता, वनरक्षक उठायच्या आत. आणि हा पठ्ठ्या, चोरून कड्यावरून उडी मारायला निघालेला, जंगलात गाडी लावताना किती वाजता लावली ते दाखवणारी निळी चकती काचेमागे न चुकता ठेवायचा.

"ऊवे," मी म्हणालो, "मी उद्या धरू शकत नाही."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. मी सगळं सांगितलं. जुलै, डॉक्टरीण, ट्राम, खांब. आमचं बोलणं जर्मनमध्येच चालतं, आणि आजाराबद्दल जर्मनमध्ये बोलणं मला सोपं गेलं, जणू ते दुसऱ्या कुणाला तरी झालं होतं. तो उठला, माझ्या समोर आला आणि त्याने आपला अंगठा माझ्या उजव्या हातात दिला.

"धर."

मी धरला.

"सोड."

मी सोडला. बोटं मिटलेलीच होती. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा कुठे ती उघडली.

"हं," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा लाल झाला. "हे तू मला उद्या कड्यावर सांगितलं असतंस ना, तर मी तुला ढकलून दिला असता."

"म्हणून आज आलो."

मी रीळ टेबलावर ठेवलं. दोऱ्यांपासून लांब, कडेला ठेवलं आणि हात मागे घेतला, आणि मागे घेताना मला दिसलं की मी ते वडिलांसारखं ठेवलं आहे. "हा धागा. सकाळपासून तपासला. एकदाही चुकला नाही. तुला माझी गरज नाही. खरं तर तेव्हाही नव्हती."

ऊवेने रीळ उचलून उजेडाकडे धरलं. "त्र्याऐंशीतला तो निळा होता," तो म्हणाला.

"तेव्हा नाही का म्हणालास?"

 कॉफी गाळून झाली होती, ती त्याने दोन कपांत ओतली, माझा कप अर्धाच भरला. हे त्याने मला न विचारता केलं. "आल्झो," तो म्हणाला, म्हणजे आपलं 'हे बघ', "तू कधी टोकाला उभा राहिलेला नाहीस. तिथे कानात वारा असतो आणि पोटात काहीच नसतं. तुला वाटतं मी शूर होतो. माझे पाय दर वेळी जागेवर मेलेले असायचे. मग मी विचारायचो, आणि मागून तुझा आवाज यायचा. घाई नाही, चढलेला नाही, दुकानात गिऱ्हाइकाला हो म्हणावं तसा. तो आला की पाय हलायचे. धाग्याला काय विचारू? धागा उत्तर देत नाही."

"पण मला वाटायचं, तुला माझा हात..."

"हात काय, खिळासुद्धा धरतो," ऊवे म्हणाला. "तुला तुझ्या हाताचं फार कौतुक होतं, म्हणून मी कधी बोललो नाही."

मी रडलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, पॅराशूटच्या दोऱ्यांवर पाणी पडू नये म्हणून खुर्ची मागे सरकवून रडलो. दुःख नव्हतं ते. इतकी वर्षं मी समजत होतो की या देशात माझ्या हाताला किंमत आली, आणि मी त्या हाताला जपत आलो, पुसत आलो, चार लोकांत दाखवत आलो. आणि हा माणूस पहिल्यापासून हाताच्या मागे उभ्या असलेल्याला हाक मारत होता. मी त्याला म्हणालो, मी तुझा आभारी आहे. जर्मनमध्ये म्हणालो, त्यामुळे ते एखाद्या कार्यालयातल्यासारखं ऐकू आलं. तो म्हणाला, गेनाऊ, बरोबर आहे, आता कॉफी पी, गार होतेय. आणि मग, "उद्या धागा बांधू. पण तू येतोयस. गाठ मात्र तू मारायची नाही. तुझ्या गाठी हात धड होता तेव्हाही भिकार होत्या."

शनिवारी सकाळी क्षमाही आली. तीसेक वर्षांत ती एकदाही आली नव्हती. कड्यांचं नाव काढलं की म्हणायची, माणसाने पायऱ्या कशाला शोधून काढल्या मग? बर्लिनला शिकणाऱ्या धम्मदीपाने, आमच्या मुलीने, आदल्या दिवशी फोनवर जर्मनमध्ये विचारलं की तुम्ही तिघं वेडे झालात का, आणि क्षमाने मराठीत उत्तर दिलं की दोघं आधीपासून होते, मी आज होतेय. खाणीवर धुकं विरत होतं. खाली तळाशी गवत उगवून हिरवी झालेली सपाट जागा, तिथे क्लबातली दोन माणसं उभी. वर ती पांढरट भिंत, जशी होती तशीच. क्लबवाल्यांनी खडकात खिळा ठोकून ठेवला होता. मी सांगत गेलो आणि क्षमाने धागा ओवला, दुहेरी केला, गाठ मारली. मोगऱ्याचे गजरे करून वाढलेली बोटं ती. ऊवेने गाठ ओढून पाहिली आणि तिला वाकून नमस्कार केला. "भाऊजी," ती मराठीतच म्हणाली, "पडू नका हं." त्याला ते बरोबर कळलं.

पट्टा कुठे अडकत नाही ना हे बघायला मी खिळ्याजवळ गुडघ्यावर बसलो. कडा तिथून हातभर अंतरावर होता. माझं चालणंही हल्ली थोडं अडखळतं, म्हणून क्षमा मागे आली आणि तिने माझ्या कोटाचा मागचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.  ऊवे टोकाशी गेला. पाठीवर ती पिशवी, गुडघ्यांना पट्टे, टोपीखालून पांढरे केस. तो उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. इतकी वर्षं मी त्याची पाठ बघत आलो होतो आणि ती मला कधी भ्यालेली दिसली नव्हती. आज दिसली. आता कळल्यावर दिसली. खांदे किंचित वर गेलेले, मान गोठलेली. माझा उजवा हात मांडीवर मोकळा पडला होता, रिकामा, आणि थरथरत होता, आणि मी त्याला थरथरू दिलं.

"हास्ट डू मिश?" ऊवेने विचारलं. मागे न बघता.

मला उत्तर पाठ होतं. पण तोंडातून आलं ते मराठीत आलं. "धरलंय रे," मी म्हणालो. सावकाश, रोजच्या आवाजात. "धरलंय."

तो भाषेवर अडला नाही. खांदे खाली आले, आणि तो गेला. पट्टा सळसळत गेला, ताणला, धाग्याने एवढासा टक् आवाज केला, आणि खालून तो दुसरा आवाज आला, फट्, टॉवेल झटकल्याचा. मी वाकून पाहिलं. निळं पॅराशूट भिंतीकडे पाठ करून, सरळ, हिरव्या जागेवर तरंगत चाललं होतं, आणि त्याखाली चौसष्ट वर्षांचा माणूस पाय हलवत काहीतरी ओरडत होता. वर आभाळ होतं. आजूबाजूला झाडं होती. खिळ्यावर धाग्याचं तुटलेलं टोक वाऱ्याने हलत होतं.

"उतरले का नीट?" क्षमाने मागून विचारलं. तिने डोळे मिटून घेतले असणार.

"उतरला. गवतात बसलाय. हात करतोय."

तिने दीर्घ श्वास टाकला. माझ्या पाठीला तिच्या मुठी लागत होत्या, कोटातूनही जाणवण्याइतक्या घट्ट. त्या किती वेळ तशा होत्या कोण जाणे, ट्रामपासून, की जुलैपासून, की फ्रांकफुर्टच्या विमानतळापासून.

"मग आता सोडू का?" ती म्हणाली.

"नको," मी म्हणालो. "धर अजून थोडा वेळ."